दोन उजव्या पाकळ्या

मामा,

तुझी डबी अजून जनेलाच्या, खिडकीच्या फळीवरच आहे. तंबाखूची ती स्टीलची डबी. तुझा तंबाखू सुटला, डबी मात्र सुटली नाही. पुढे तू तिच्यात गोळ्या ठेवायला लागलास. तुझे दिवस झाले, इब्रामपूरहून आलेली नात्यातली माणसं परत गेली, आई पण काल गेली. आता सुर्लाच्या या घरात मामी आणि मी दोघीच आहोत. आणि ती डबी.

आज सकाळी पोदेर पाव देऊन गेला आणि मी चहा ठेवायला उठले, तर मामी जनेलापाशी उभी होती. डबी तिच्या हातात होती. झाकण उघडं होतं. मी विचारलं, "मामी, काय करतेस?" ती म्हणाली, "काय नाय गो. ह्येंका ह्या गोळयेन झोप लागायची, तां आठावला." मी डबी तिच्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवली. आत किती गोळ्या होत्या आणि किती उरल्या, हे मला कळायला मार्ग नाही. ते एकट्या तुलाच ठाऊक होतं.

तू गेल्यापासून मामीला झोप नाही, छातीत धडधडतं. परवा आईने तिला गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मन शांत राहायची एक गोळी दिली आहे. मी ते पाकीट पाहिलं आणि ते डबीपासून लांब ठेवलं. ती गोळी वाईट आहे म्हणून नाही. घरात तुझी डबीही आहे म्हणून.

मला कुणाशी तरी बोलायचं आहे आणि या विषयावर बोलायला मला तुझ्याशिवाय माणूस नाही. तू ऐकतोयस की नाही ते मला माहीत नाही. तरी लिहिते.

मी कॉलेजसाठी तुझ्याकडे राहायला आले तेव्हा खाणी बंद होत्या. खाणीचा माल वाहणारा तुझा टिपर फणसाखाली उभा होता आणि त्याच्या चाकांवर गवत चढलं होतं. तू त्याच्या बाजूला कदेल टाकून बसायचास. खुर्चीला तू नेहमी कदेलच म्हणायचास, मी चिडवायचे. पण तेव्हा तू चिडवून घेण्याच्याही पलीकडे गेला होतास. जेवायला बोलावलं की यायचास, ताटाकडे बघत राहायचास. मामी म्हणायची, "ह्येंका इचारलां तर म्हणतत, काय नाय. काय नाय म्हणजे काय असता गो?" आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, म्हणून तिला वाटायचं मला उत्तर येत असेल. पण मी इतिहासाची विद्यार्थिनी. तेही इंग्रजीतून, अडखळत.

तुला डिचोलीच्या डॉक्टरकडे न्यायचं कुणी ठरवलं, ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास आणि उतरताना म्हणालास, "बाय, कोणी इचारल्यान तर दातांच्या डॉक्टराकडे गेल्लंव म्हणान सांग." मी हो म्हटलं. आत डॉक्टरांनी तुला खूप वेळ बोलू दिलं. एवढं बोलताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. मी भिंतीकडे बघत बसले, तुला लाज वाटू नये म्हणून.

त्यांनी दिलेली छोटी पांढरी गोळी सुरू झाली आणि काही आठवडे काहीच झालं नाही. मग एक दिवस तू टिपरच्या चाकांवरचं गवत उपटायला घेतलंस. मी कॉलेजातून आले तर म्हणालास, "काय गो इतिहासकार, आज कोण मेलो?" मी हसले आणि आत जाऊन रडले. मामीही चुलीपुढे बसून डोळे पुसत होती, म्हणाली धूर आहे.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, मामा. त्या गोळीने तुला आम्हाला परत दिलं होतं. लोक आता काहीबाही बोलतात. "डोक्याच्यो गोळयो खाता होतो, तेंनीच घात केल्यान," असं मांडवात कुणीतरी म्हणालं. मला उठून सांगायचं होतं की असं नाही झालं. पण बाराव्याला मी कशी बोलणार?

मग खाणी हळूहळू पुन्हा सुरू होणार, ट्रकवाल्यांना बोलावणार, असं ऐकू येऊ लागलं. तुझे डोळे वेगळे झाले. बाबुसो रोज संध्याकाळी यायचा. तुझ्यासारखाच टिपरवाला, शेजारचा. दोघं इंजिनात डोकं घालून असायचे. त्याच दिवसांत मी एकदा न्हाणीच्या चुलीत गोळ्यांची रिकामी पाकिटं जळताना पाहिली. चांदीसारखा कागद आकसून काळा होत होता आणि तू शेजारी बसून गोळ्या एकेक करून डबीत टाकत होतास.

"मामा, हे काय?"

"काय नाय. बाबुसो घरात येता जाता. तेणां नाव वाचल्यान आणि ठेकेदाराक सांगल्यान तर? डोक्याच्यो गोळयो खाणाऱ्याच्या हातात कोण गाडी देतलो? घाटात उतरताना ह्येचा डोक्या फिरला तर, म्हणतले."

"पण गोळीचं नाव तर कळायला हवं ना. उद्या काही झालं तर?"

"तू कालेजात जातस, तू ध्यानात ठेव."

मला ते नाव ध्यानात होतं, खरंच. एकाच गोळीचं.

मग तुझी कंबर. इतकी वर्षं खड्ड्यातून टिपर चालवून जी दुखायची तीच, पण आता ती पायात उतरली. पायात मुंग्या, रात्री जळजळ. तू म्हणालास, गाडीवर बसायच्या आधी हे नीट व्हायला पाहिजे. डिचोलीला दुसऱ्या डॉक्टरकडे जायला तू तयार नव्हतास. तिथल्या प्रत्येक बाकड्यावर ओळखीचा माणूस बसलेला असतो, म्हणालास. तू राज्याच्या सीमेपलीकडे गेलास, आपल्या मूळ गावाजवळच्या डॉक्टरकडे. तिथे मात्र बाकड्यावर सगळे भाऊबंदच होते. त्यांच्यादेखत डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? तू म्हणालास, नाही. हे तू मला स्वतःच सांगितलंस, हसत. त्यांनी एक कॅप्सूल दिली. नसांची गोळी.

आपलं भांडण त्यावरून झालं. आपण त्याआधी कधी भांडलो नव्हतो. मी म्हटलं, "दोघांनाही सांग, मामा. ह्याला त्याचं आणि त्याला ह्याचं." तू म्हणालास, "एक डोक्याचा, एक कमरेचा. मदी केदो मोठो रस्तो असा, तेंची गाठ खंय पडतली?" मी म्हटलं, "अंग एकच आहे ना?" तू उठलास, टिपरच्या दारावर हात मारलास आणि म्हणालास, "हँडल परत हातात येवंदे. मगे तूच चल माझ्यावांगडा, दोनय डॉक्टरांका सांगूया. जा, अभ्यास कर." ते भांडण तिथेच राहिलं. मी अजून त्याच वाक्यावर उभी आहे.

मामीला पण दोन डॉक्टर पटत नव्हते. तिने आपल्या पद्धतीने मार्ग काढला. म्हणाली, देवाला विचारूया. आपल्याकडे विहीर कुठे खणायची, सोयरीक करायची की नाही, सगळं विचारतातच. तू पण लगेच तयार झालास. डॉक्टरांपुढे जे उघड करायचं नव्हतं ते देवापुढेही तुला उघड करायचं नव्हतंच, पण देव स्वतःच ओळखतो, अशी तुझी समजूत होती.

देवळातल्या त्या सकाळचं सगळं मला दिसतं. गुरवांनी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. आजूबाजूला पाच-सात माणसं आपापल्या कौलासाठी थांबली होती. गुरवांनी विचारलं, "काय इचारूचा हा?" तू त्यांच्या कानाशी जाऊन काहीतरी बोललास. मग त्यांनी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान डिचोलीच्या डॉक्टराचा औषध सुरू केल्यान हा. तां तेच्या अंगाक लागतला असात, तर उजवी दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" मी पण म्हटलं. थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. मामीने हात जोडले.

गुरवांनी पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा गाऱ्हाणं. "ह्यां लेकरू गावच्या डॉक्टराचा कमरेचा औषध घेवचा म्हणता. तां लागतला असात, तर उजवी दी रे म्हाराजा!" होय म्हाराजा. पुन्हा उजवी. या वेळी तर ती लगेचच पडली.

परतताना तू माझ्याकडे बघून म्हणालास, "काय गो, तुझ्या कालेजापरास मोठो कोण तो? दोनय उजव्यो दिल्यान." तू खूप खूश होतास. बसमध्ये सगळा वेळ तू बाबुसोबद्दल, नव्या टायरबद्दल बोलत होतास. मला छान वाटत होतं. खरं सांगते, त्या दिवशी मलाही वाटलं की संपलं आता.

कॅप्सूल सुरू झाली. डबीत पांढऱ्या गोळ्यांबरोबर ती पण गेली. थोड्या दिवसांत तुला घाम यायला लागला. पंख्याखाली बसलेला असताना बनियन ओला. मामी म्हणाली, उन्हाळा आहे. पोट बिघडलं, मामी म्हणाली, आंबे जास्त झाले. एका जागी बसवत नव्हतं, अंगणात येरझाऱ्या. बाबुसो म्हणाला, "गाडी सुरू जातली म्हणान ह्याका धीर धरवना नाय." सगळ्याला काही ना काही कारण होतं. कारणं खोटीही नव्हती. उन्हाळा होता, आंबे होते, गाडी सुरू होणार होती.

पाय मात्र दुखतच होता. तू पुन्हा सीमेपलीकडे गेलास. डॉक्टरांनी कॅप्सूल वाढवली आणि वेदनेची एक जोराची गोळी जोडली. ती पण डबीत गेली.

दुसऱ्या दिवशी मी लवकर कॉलेजातून आले. तू कदेलावर बसला होतास आणि तुझा गुडघा हलत होता. आपोआप. तू त्यावर हात दाबून धरलास, तरी हाताखाली हलत होता. दात वाजत होते आणि अंग तापलेलं. तू हसायचा प्रयत्न केलास आणि म्हणालास, "बाय, बग गो, न्यूट्रलात उबो टिपर. गाडी खंय जाता नाय, पण सगळी थरथरता." आम्ही दोघी हसलो, मामा. तेव्हा हसलो. मामीने तुला पेज दिली आणि गोधडी पांघरली. मलेरिया असेल, म्हणाली. तू तुझी दुपारची गोळी मागितलीस आणि डबी तुझ्या हातात दिली गेली.

मग तू मला आईच्या नावाने हाक मारलीस. मग टिपरला ब्रेक लागत नाही म्हणून ओरडलास. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे काळेच दिसत होते. बाबुसोने त्याची व्हॅन काढली. वाटेत तुझे पाय लाकडासारखे ताठ झाले होते.

मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी तुला तपासता तपासता विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मामीने कमरेची पिशवी सोडून डबी पुढे केली. त्यांनी ती हातावर उपडी केली. पांढऱ्या, पिवळ्या, दोन रंगांच्या. एकावरही नाव नव्हतं. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही वाचता ना? पाकिटं कुठे आहेत?" मला वाचता येत होतं. सगळ्या घरात फक्त मलाच येत होतं. वाचायला तू काही ठेवलंच नव्हतंस.

मी पांढरीचं नाव सांगितलं. बाकीच्यांसाठी ते फोन करत राहिले, सकाळी सीमेपलीकडचा दवाखाना उघडेपर्यंत. त्यांनी खूप केलं, मामा. बर्फ लावला, नळ्या लावल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. ताप शेवटपर्यंत उतरला नाही.

नंतर त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं. ते म्हणाले, ती नसांची कॅप्सूल म्हणजे पण मनाच्या आजारावरचंच औषध आहे. नसांच्या दुखण्याला ते देतात. शरीरात सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं. पांढरी गोळी ते वाढवते, कॅप्सूल पण तेच वाढवते आणि वेदनेची ती गोळी पण त्यातच भर घालते. एकेकटी घेतली तर ती औषधं आहेत. एकत्र झाली की कधी कधी शरीराला ती झेपत नाहीत. घाम, थरथर, ताप, भ्रम. मी विचारलं, "पण दोघेही चांगले डॉक्टर होते ना?" ते म्हणाले, "हो. कधी कधी आम्ही स्वतः दोन औषधं मिळून देतो, पण माहीत असताना, लक्ष ठेवून. यांच्या बाबतीत एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं." मग म्हणाले, "आणि हे ऐकून कुणी घाबरून चालू गोळी एकदम बंद करू नये. त्याचाही त्रास होतो. फक्त सगळं सांगावं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात त्या पाकळ्या आहेत. लोक म्हणतात देवाने फसवलं. मला तसं वाटत नाही. देवाला एकदा एक विचारलं, त्याने हो म्हटलं. दुसऱ्यांदा दुसरं विचारलं, त्याचंही हो. डॉक्टरांनी पण तसंच केलं. दोन्ही मिळून घेऊ का, हे त्या देवळात कुणी विचारलंच नाही. मी तिथे उभी होते आणि होय म्हाराजा म्हणत होते. आणि तू, इतका हुशार माणूस, रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाठ असलेला, तू सुद्धा

इथे मला उठावं लागलं. आता दुपार कलायला आली आहे आणि मी इस्पितळातून लिहिते आहे.

मामीने स्वयंपाकघरातून हाक मारली होती. हाक नेहमीसारखीच होती, म्हणून मी वाक्य पुरं करावं की काय असा विचार करत होते. मग गेले. ती भाजी चिरायला खाली बसली होती. कपाळावर घाम होता. आणि मांडीवरच्या ताटातल्या फोडी हलत होत्या. मी बघत राहिले. ताट तिने धरलेलं होतं. हलत होता तो तिचा गुडघा.

"मामी, काय घेतलंस?"

"काय नाय गो."

काय नाय म्हणजे काय असतं, हे तिनेच मला एकदा विचारलं होतं. मी फळीवरून डबी उचलली, तिच्या नव्या गोळीचं पाकीट घेतलं आणि बाबुसोला हाक मारली. तो व्हॅन काढेपर्यंत ती म्हणत होती, "बाबुसोक कित्याक सांगतस? गावभर जातला."

इस्पितळात बाकड्यावर सुर्लाची दोन माणसं होती, टिपरवालेच. तुझ्या दिवसाला जेवून गेलेले. नर्सने विचारलं, "काय काय घेतलं?" मामीने पदर तोंडाशी धरला आणि त्या माणसांकडे पाहिलं. मी काही बोलू शकले असते, पण मला खरोखर माहीतच नव्हतं. ते माहीत असलेली तीच एकटी होती. मी नुसता तिचा हात धरला. हात पण थरथरत होता.

मग मामी बोलली. हळू नाही, मोठ्याने. गाऱ्हाणं घालताना गुरव बोलतात तशी. "माजी नवी गोळी सकाळी घेतलंय. आणि माज्या घोवाच्या डबयेतल्यो पण घेतलंय, कालपासून. तेच्यो डोक्याच्यो होत्यो. तो डिचोलीच्या डोक्याच्या डॉक्टराकडे जाय होतो. कमरेच्यो पण होत्यो. खंयची खंयची घेतलंय, माका कळना नाय. सगळ्यो एकाच डबयेत असत."

बाकड्यावरचे दोघे खाली बघत होते. बाबुसो दाराशी उभा होता. तो म्हणाला, "माका म्हायत होता गो, वयनी. तो काय तरी घेता तां. म्हणान तर तो बरो जालो होतो." एवढंच बोलून तो बाहेर गेला.

मामा, बाबुसोला माहीत होतं. तू ज्याच्यासाठी पाकिटं जाळलीस, त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, लवकर आणलं. सगळ्या गोळ्या थांबवल्या आहेत, सलाईन लावलं आहे, ताप नाही, नाडी जोरात आहे. उतरेल, म्हणतात, पण लक्ष ठेवायला हवं. डबी त्यांनी घेतली आहे. मी परत मागणार नाही.

मामी डोळे मिटून पडली आहे. झोपली आहे की नाही, कळत नाही. चादरीखाली गुडघा अजून हलतो आहे. मी एका हाताने लिहिते आहे आणि दुसरा हात त्याच्यावर ठेवला आहे. मघापेक्षा कमी हलतोय असं वाटतं. की माझ्याच हाताला सवय झाली, ते सांगता येत नाही. म्हणून हात काढत नाही.